आजीच्या लुगड्याची कुंची: डोक्यामागच्या चुण्या नीट कशा बसवाव्यात

बाळंतविड्यात हल्ली कुंची येते ती खणाची, जर आणि मोती लावलेली. बारशाच्या फोटोपुरती ती ठीक आहे, रोज घालायला मुळीच नाही. जरीची तार बाळाच्या गालाला टोचते आणि मोती तुटून तोंडात जाऊ शकतो. आपल्या आज्या रोजची कुंची शिवायच्या ती जुन्या सुती लुगड्याची. वर्षानुवर्षं धुऊन त्या कापडाला जो मऊपणा यायचा, तो दुकानातल्या कुठल्याच नव्या कापडाला नसतो.

नऊ वार म्हणजे आठ मीटरच्या वर कापड. उजेडासमोर धरून विरलेला भाग सोडून द्या, उरलेल्यातून दोन तुकडे कापा. टोपीसाठी ४२ बाय १९ सेंमी आणि पाठीवरच्या झुलीसाठी ७४ बाय ४५. दोन्हींची लांब बाजू काठावर घ्या. टोपीचा काठ चेहऱ्याकडे येतो, झुलीचा खाली, म्हणजे तिथे दुमडायची गरजच उरत नाही. काठ जरीचा असेल तर मात्र काढून टाका आणि दुमडीसाठी एक सेंमी जास्त धरा.

आता टोपीची मागची बाजू. बहुतेक कुंच्या इथेच बिघडतात. सोपं म्हणून कापड मधोमध दुमडून मागून सरळ टीप मारायला सांगतात. तसं केलं की डोक्यावर टोक उभं राहतं आणि कुंची सारखी मागे घसरते. मलाही ही जागा कळली ती आजीच्या जुन्या कुंच्या उसवून पाहिल्यावरच.

टोपीची काठासमोरची कड एक सेंमी दुमडा, पण बाहेरच्या बाजूला. मग तुकडा मधोमध घडी घालून मानेकडून वर फक्त ११ सेंमी शिवा. वर जी कड मोकळी राहते, तिच्या दुमडीतून दुहेरी दोऱ्याने बारीक धावदोरा घाला. टाके मोठे पडले की चुण्या जाड येतात, म्हणून तांदळाच्या दाण्याएवढेच घ्या. दोरा हळूहळू ओढा, चुण्या बोटांनी सारख्या पसरा आणि गाठ बाहेरच मारा. आतून बोट फिरवून पाहा. काहीही उंचवटा लागला तर उसवून पुन्हा करा, कारण बाळाचं डोकं नेमकं तिथेच टेकतं. बाहेरून पाच सेंमीची गोल चकती हेम घालून बसवली की दुमड, गाठ, सगळं झाकलं जातं. चकती खणाची असेल तर फार गोड दिसते, आणि खणाची हौस तेवढ्यात भागते.

चेहऱ्याच्या बाजूला इलॅस्टिक घालायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. कपाळावर वळ उठतात.

झुलीच्या बाजू दुमडा, वरची कड चुण्या घालून टोपीच्या मानेएवढी करा आणि जोडा. त्याच कापडाचे दोन आखूड बंद लावा. सैल बांधा, आणि बाळाला पाळण्यात निजवण्याआधी कुंची काढून ठेवा. गळ्याशी बंद असलेलं काहीही घालून बाळाला झोपवू नये.