नावे पुसली म्हणजे माहिती निनावी झाली असे नाही: या चुका टाळा

संशोधनाची माहिती इतरांच्या हाती देण्यापूर्वी नाव, पत्ता आणि फोन नंबर हे रकाने काढले की काम संपले, ही समजूत सर्वांत घातक आहे, कारण माणूस बहुतेक वेळा उरलेल्या रकान्यांच्या जुळणीतून ओळखला जातो. माहितीच्या गोपनीयतेच्या अभ्यासक लतान्या स्वीनी यांनी १९९० च्या जनगणनेच्या आधारे दाखवून दिले की जन्मतारीख, लिंग आणि पाच अंकी झिप कोड (तिथला पिन कोड) या तीनच गोष्टींवरून अमेरिकेतील सुमारे ८७ टक्के लोक बहुधा एकमेव ठरतात. म्हणून रकाने सुटे न तपासता एकत्र तपासावेत आणि त्यांच्या प्रत्येक जुळणीत किती माणसे येतात ते मोजावे. जिथे एक-दोघेच उरतात तिथे वयोगट किंवा प्रदेश रुंद करावा.

ओळख क्रमांकाचा हॅश (ठरावीक गणिती सूत्राने बनवलेली अक्षर-अंकांची साखळी) काढला की तो सुरक्षित झाला, असेही मानू नये. न्यूयॉर्कच्या टॅक्सी फेऱ्यांची २०१४ मध्ये बाहेर आलेली माहिती एमडी५ नावाच्या हॅश पद्धतीने झाकलेली होती, पण परवाना क्रमांक ठरावीक साच्याचे असल्याने सर्व शक्य क्रमांकांचे हॅश काढून मूळ क्रमांक सहज मिळवता आले. त्याऐवजी यादृच्छिक संकेत द्यावेत आणि कोणता संकेत कोणाचा याची यादी वेगळ्या, बंद जागी ठेवावी. मात्र ती यादी अस्तित्वात आहे तोवर युरोपच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण नियमांनुसार संशोधकाच्या हातातील ही माहिती वैयक्तिकच राहते.

उलट टोकाची चूकही तितकीच नुकसानकारक आहे, आणि तिच्याकडे फारसे कुणी लक्ष देत नाही. भीतीपोटी सर्व तारखा पुसल्या, तर उपचार आणि परिणाम यांतील अंतरच नाहीसे होते आणि सहभागींनी दिलेला वेळ वाया जातो. एका व्यक्तीच्या सगळ्या तारखा सारख्याच, यादृच्छिक दिवसांनी सरकवल्यास ते अंतर शाबूत राहते. वार महत्त्वाचा असेल तर सातच्या पटीत सरकवावे, आणि अभ्यास ऋतूंचा असेल तर सरकवण्याची मर्यादा लहान ठेवावी.

मुलाखतींच्या मजकुरात नाव नसले तरी ‘तालुक्यातील एकमेव महिला सर्जन’ असा उल्लेख पुरेसा बोलका असतो. असे शब्द गाळू नयेत, तर ‘एक डॉक्टर’ असा व्यापक शब्द चौकटी कंसात घालावा, म्हणजे वाचकाला बदल कळतो आणि वाक्याचा अर्थही टिकतो.

शेवटी मूळ विश्लेषण मूळ आणि निनावी केलेल्या अशा माहितीच्या दोन्ही आवृत्त्यांवर चालवून पाहावे. निष्कर्ष लक्षणीय बदलला, तर एकेक बदल मागे घेऊन दोषी रकाना शोधावा. पुष्कळदा सर्वच वयांचे गट न करता केवळ अतिवृद्धांचा एक गट केल्याने भागते.