‘होस्ट इज डाउन’ वाचून सर्व्हर रीस्टार्ट करू नका

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) जुन्या कारखान्यांत टेबलाखाली, धुळीत, विंडोज सर्व्हर २००३ चा एखादा डबा अजून घरघरत असतो. ड्रॉइंग्ज त्यात, जुनी बिलं त्यात. मग कोणीतरी नवा उबुंटू (लिनक्स) पीसी आणतो, शेअर (सर्व्हरवरचं सामायिक फोल्डर) माउंट करतो, म्हणजे पीसीला जोडायला जातो, आणि स्क्रीनवर येतं: माउंट एरर ११२, होस्ट इज डाउन, म्हणजे समोरचा सर्व्हर बंद आहे.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे हे वाक्य खरं मानणं.

नवरात्राच्या आदल्या दिवसाची गोष्ट. एका कारखान्यात नव्या पोराला हीच एरर आली. त्याने केबल बदलली, मग स्विच बदलला. संध्याकाळी गरब्याच्या पासाची घाई, म्हणून शेवटी सरळ सर्व्हरचं बटण दाबून बंद-चालू केलं. तो डबा कित्येक वर्षांत कोणी बंद केला नव्हता. डिस्क फिरलीच नाही, नुसती टक्‌-टक्‌-टक्‌. मला दांडिया बाजारात स्टोअरच्या काकांचा फोन: "अहो, सर्व्हर बंद आहे बंद आहे म्हणत होता, आता खरंच बंद पडला!" बॅकअप तीन आठवड्यांपूर्वीचा निघाला. पहिले दोन दिवस गरब्याऐवजी मी तिथे होतो.

मुळात एरर आली तेव्हा सर्व्हरला काहीही झालेलं नव्हतं. लिनक्स कर्नल (लिनक्सचा गाभा) ४.१३ पासून, म्हणजे २०१७ पासून, माउंट करताना क्लायंट, म्हणजे शेअर मागणारा पीसी, आपणहून एसएमबी १ (फाइल शेअरिंगच्या भाषेचं जुनं रूप) बोलतच नाही; २.१ किंवा त्यापुढचं बोलतो. सर्व्हर २००३ ला एसएमबी १ सोडून काही येत नाही. तो न कळलेल्या नमस्काराला उत्तर न देता कनेक्शन तोडतो, आणि क्लायंट समजतो की समोर कोणी नाही.

माझी सवय अशी: आधी पिंग (सर्व्हर नेटवर्कवर उत्तर देतो का), मग पोर्ट ४४५ (एसएमबीचं दार) उघडं आहे का ते नेटकॅट या कमांडने, मग डीमेसेजच्या (कर्नलच्या नोंदींच्या) शेवटच्या चार ओळी. पिंग येतोय, पोर्ट उघडं आहे आणि तरी ११२, तर सर्व्हरला हात लावायचा नाही. माउंटच्या पर्यायांत ‘व्हर्स’ (एसएमबीची आवृत्ती) वरून खाली उतरवायचा: ३.०, २.१, २.०, आणि सगळ्यात शेवटी १.०. साधारण अंदाज ठेवा: सर्व्हर २००८ ला २.०, २००८ आर२ ला २.१, २००३ आणि त्याआधीच्याला १.०. नेटवरून कॉपी केलेली ‘व्हर्स=१.०’ ची ओळ पहिल्याच झटक्यात चिकटवणाऱ्यांचा मला राग येतो. चालतं ना, मग झालं! ज्या सर्व्हरला ३.० येतं त्यालाही हे लोक १.० वर आणून बसवतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) पसरला तो एसएमबी १ मधल्याच भोकातून. मायक्रोसॉफ्टने त्याचा पॅच दोन महिने आधी, मार्चमध्येच काढलेला होता. एक्सपी आणि २००३ साठीचा पॅच मात्र मे महिन्यात आला, तो तुमच्या डब्यात टाकला आहे का ते आजच बघा.

दुसरी चूक चांगल्या जाणत्यांकडूनही होते. सांबाच्या (लिनक्सवर एसएमबी बोलणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) कॉन्फ फाइलमध्ये ‘क्लायंट मिन प्रोटोकॉल = एनटी१’, म्हणजे एसएमबी १ चालेल, असं लिहितात आणि माउंट तरीही होत नाही म्हणून डोकं धरून बसतात. अहो, माउंट करणारा सिफ्स हा कर्नलचा भाग आहे, तो ती फाइल वाचतच नाही! ती ओळ एसएमबीक्लायंट या सांबाच्या कमांडसाठी आणि फाइल मॅनेजरमधून शेअर उघडण्यासाठी. सांबा ४.११ पासून, २०१९ मध्ये, एसएमबी १ तिथेही मुळातून बंद झालं, म्हणून ती लागते. दोन वेगळी दारं, दोन वेगळ्या किल्ल्या. मी आधी एसएमबीक्लायंटने शेअरची यादी मागतो. ती आली की मगच माउंटकडे वळतो.

जुना शेअर विंडोज १० वरून उघडायचा असेल, तर ‘विंडोज फीचर्स’मधल्या ‘एसएमबी १.०’ च्या पूर्ण चौकटीवर टिक करू नका. आत तीन ओळी असतात. तुम्हाला फक्त क्लायंटची हवी. सर्व्हरची टिक केली, तर तुमचा पीसीसुद्धा तेच भोक उघडून बसेल. तिसरी ओळ आपोआप काढून टाकण्याची: ती चालू राहिली आणि पंधरा दिवस वापर झाला नाही, तर क्लायंट गायब. "काल चालत होतं" म्हणून येणारे बरेच फोन हेच असतात.

लिनक्सवर पासवर्ड बरोबर, तरी एरर १३ (परवानगी नाही)? जुना एनएएस (नेटवर्कवरचा स्टोरेज डबा) नुसतं एनटीएलएमचं (पासवर्ड तपासण्याच्या पद्धतीचं) पहिलं रूप बोलत असेल, कर्नल ५.१५ ने ते काढून टाकलं.

विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत साइनिंग (प्रत्येक संदेशावर खात्रीची सही) सक्तीचं झालं, त्यामुळे पासवर्डाशिवायचे गेस्ट शेअर अडतात. साइनिंग बंद करण्यापेक्षा एनएएसवर एक युजर बनवा, दोन मिनिटं लागतात.

लिनक्सच्या एफएसटॅबमध्ये (सुरू होताना काय माउंट करायचं त्या यादीत) पासवर्ड उघडा लिहू नका, ती फाइल कोणीही वाचू शकतो. युजर-पासवर्डची वेगळी क्रेडेन्शियल फाइल, परवानगी ६००, म्हणजे फक्त मालकालाच वाचता येईल अशी. आणि ‘नोफेल’ (माउंट नाही झालं तरी पुढे जा) हा पर्याय लावा, नाहीतर सर्व्हर नसलेल्या दिवशी तुमचा पीसीही नीट सुरू होणार नाही.