वासराची निगा: जन्मापासून दूध तोडेपर्यंत

दोन-चार संकरित गाईंच्या गोठ्यात जन्मलेली कालवड पुढे वेळेवर माजावर येणार की नाही, हे बऱ्याच अंशी तिच्या पहिल्या तीन महिन्यांच्या संगोपनावर अवलंबून असते.

वासरू बाहेर पडताच त्याच्या नाकातोंडातला चिकट द्रव स्वच्छ फडक्याने पुसावा आणि गाईला ते चाटू द्यावे. ती चाटत नसेल, तर कोरड्या गोणपाटाने अंग चोळावे. नाळ आपोआप तुटली नसल्यास पोटापासून सुमारे दोन इंचांवर निर्जंतुक दोऱ्याने बांधून गाठीखाली उकळलेल्या कात्रीने कापावी. नाळ सुकेपर्यंत तिला टिंक्चर आयोडीन लावावे, कारण ओल्या नाळेतून शिरलेले जंतू पुढे सांध्यांपर्यंत पोहोचतात.

त्यानंतर लगेच चीक पाजावा. गर्भात असताना वासराला आईकडून रोगप्रतिकारक घटक मिळत नाहीत, ते चिकातूनच मिळतात. आणि ते जसेच्या तसे शोषून घेण्याची आतड्याची क्षमता तासागणिक घटत जाऊन 24 तासांत जवळजवळ संपते. तरीही ‘वार (व्यायल्यानंतर बाहेर पडणारे गर्भाचे वेष्टन) पडल्याशिवाय चीक काढायचा नाही’ ही समजूत अनेक गोठ्यांत टिकून आहे. वार पडायला कित्येक तास लागू शकतात, आणि वासराचे नुकसान नेमके त्याच तासांत होते. उलट, वासरू सडाला लागले की पान्हा सोडणारे संप्रेरक स्रवते, त्यानेच गर्भाशयही आकुंचन पावते आणि वार पडण्यास मदत होते. 30 किलो वजनाच्या वासराला पहिल्या दिवसात किमान 3 लिटर चीक मिळावा, त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत. शेजाऱ्यांचा खरवस त्यानंतर.

पुढे वजनाच्या सुमारे एक दशांश दूध दोन वेळांत विभागून, कोमट असतानाच, बाटलीने पाजावे. नळ्याने ओतलेले दूध श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसाचा दाह होऊ शकतो, म्हणून वेळ वाचवण्यासाठीही तसे करू नये.

दुसऱ्या आठवड्यापासून मूठभर काफ स्टार्टर (लहान वासरांसाठीचा खुराक), मऊ वाळलेला चारा आणि स्वच्छ पाणी समोर असू द्यावे. कोठीपोटाची, म्हणजे चारा पचवणाऱ्या पोटाच्या मोठ्या कप्प्याची, वाढ खुराकाच्या आंबण्यातून होते. नुसत्या दुधावर वाढवलेले वासरू गुटगुटीत दिसते, पण चारा पचवायला मागे पडते. ते रोज साधारण एक किलो खुराक सलग काही दिवस खाऊ लागले, की दूध हळूहळू कमी करत तिसऱ्या महिन्याच्या सुमारास तोडावे.

हगवण लागल्यास दूध पूर्ण बंद करण्याची चूक होते. दूध थोडे-थोडे चालू ठेवून मधल्या वेळेत क्षार-साखरेचे पाणी पाजावे. डोळे खोल गेले किंवा वासरू उठेनासे झाले, तर पशुवैद्यकास तत्काळ बोलवावे. म्हशीच्या पारडाला गोलकृमी आईच्या दुधातूनही येतात, त्यामुळे त्याला जंताचे पहिले औषध दुसऱ्या आठवड्यातच, पशुवैद्यकाने ठरवलेल्या मात्रेत द्यावे. कालवडींना 4 ते 8 महिन्यांच्या वयात ब्रुसेल्लोसिसची (गर्भपात घडवणाऱ्या सांसर्गिक रोगाची) लस एकदाच टोचली जाते, तेव्हा जन्मतारीख गोठ्याच्या वहीत पहिल्याच दिवशी लिहून ठेवावी.