रुळांचे सांधे सुधारायचे, तर सुरुवात कोठून करावी?

रुळांच्या सांध्यावर प्रकल्प घेणारे विद्यार्थी बहुधा सर्वप्रथम दोन रुळांच्या टोकांमधल्या फटीला हात घालतात. फट तिरकी करावी, नागमोडी करावी, रबराने भरावी, अशा कल्पना कागदावर आकर्षक दिसतात. परंतु ती फट चाकाला किती जाणवते, याचे गणित आधी मांडले जात नाही. प्रवासी डब्याच्या नव्या चाकाचा व्यास ९१५ मिलिमीटर असतो. फटीच्या रुंदीच्या वर्गाला चाकाच्या त्रिज्येच्या आठपटीने भागले, की चाक फटीत किती उतरते ते कळते. १० मिलिमीटरच्या फटीसाठी हे उत्तर एका मिलिमीटरच्या सुमारे तीन शतांशांइतके येते. एवढ्याशा उताराने रुळाखालचा आडवा स्लीपर खचत नाही. सांध्यापाशी रुळाचा ताठपणा तुटतो आणि सगळी दुखणी तेथून सुरू होतात. त्यामुळे कोणतीही सुधारणा सुचवताना तिने हा ताठपणा किती परत मिळतो, हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा.

सोलापूर आणि परिसरातील अभियांत्रिकी व तंत्रनिकेतनाच्या विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर ठेवून येथे कामाचा क्रम दिला आहे. उदाहरणे सोलापूरच्या हवामानाची आणि जमिनीची घेतली आहेत, कारण रुळाचा आराखडा तापमान आणि पाया यांच्यापासून वेगळा काढता येत नाही.

तापमानाचा हिशेब

हवेचे तापमान आणि रुळाचे तापमान या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सोलापुरात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जाणे नेहमीचेच आहे, आणि भर दुपारच्या उन्हातला रूळ हवेपेक्षा सुमारे २० अंशांनी अधिक तापू शकतो. हिशेबासाठी रुळाचे कमाल तापमान ६५ अंश आणि हिवाळ्यातील पहाटेचे किमान १० अंश धरावे. म्हणजे वर्षभरातील फरक ५५ अंशांचा झाला.

भारतीय रेल्वेच्या हिशेबात पोलादाचा प्रसरण गुणांक दर अंशाला ०.००००११५२ धरतात. १३ मीटर लांबीचा एक रूळ त्यानुसार दर अंशाला सुमारे ०.१५ मिलिमीटर वाढतो, आणि ५५ अंशांच्या पल्ल्यात ८.२ मिलिमीटर. रूळ २० अंशांना बसवला, तर पुढच्या ४५ अंशांच्या वाढीसाठी ६.७ मिलिमीटर फट सोडावी लागते. ४० अंशांना बसवला, तर ३.७ मिलिमीटर पुरते. फटीचा कोणताही आकडा रुळाच्या तापमानाशिवाय लिहिला, तर त्याला काही अर्थ राहत नाही. विद्यार्थ्यांच्या अहवालांत ही नोंद हमखास राहून जाते.

रुळाचा छेद : वजन वाढवून किती मिळते?

रुळाचे तीन भाग असतात. वरचा माथा चाकाचा भार आणि झीज सोसतो, मधला उभा वेब माथ्याला तळापासून दूर ठेवतो आणि रुंद तळ स्लीपरवर टेकतो. उंची वाढली की ताठपणा झपाट्याने वाढतो, हे दोन प्रचलित छेदांच्या तुलनेवरून स्पष्ट दिसते. ५२ किलोच्या (म्हणजे दर मीटरला सुमारे ५२ किलो वजनाच्या) रुळाची उंची १५६ मिलिमीटर आणि मोमेंट ऑफ इनर्शिया, म्हणजे छेदाच्या आकारामुळे वाकण्याला होणाऱ्या विरोधाचे माप, २१५८ सेंटीमीटर चतुर्थ घात आहे; ६० किलोच्या रुळासाठी हेच आकडे १७२ आणि ३०५५ आहेत. धातू सुमारे १६ टक्के वाढला आणि वाकण्याला होणारा विरोध सुमारे ४२ टक्के वाढला.

परंतु येथेच उत्साह आवरावा लागतो. रूळ हवेत लोंबकळत नसतो. तो स्लीपर, खडी आणि माती यांच्या दबणाऱ्या पायावर पडलेला असतो. अशा पायावरील तुळईचा सिद्धांत विंकलर यांनी १८६७ मध्ये मांडला आणि झिमरमान यांनी १८८८ मध्ये तो रेल्वेमार्गाला लावला. त्या सूत्रानुसार चाकाखाली रूळ किती दबेल, हे रुळाच्या ताठपणाच्या चतुर्थ मुळावर अवलंबून असते. म्हणून ४२ टक्के अधिक ताठ रूळ घालूनही दबणे जेमतेम ८ टक्क्यांनी कमी होते. उलट पायाचा ताठपणा दुप्पट केला, तर तेच दबणे सुमारे ४० टक्क्यांनी उतरते. जड रुळाचे इतर फायदे आहेत; त्यात ताण कमी येतो आणि माथ्यात झिजायला धातू अधिक मिळतो. मात्र जेथे सांधे वारंवार खाली बसतात, तेथे आधी खडीखाली पाहावे.

सोलापूर जिल्ह्यात तर हे विशेष करून पाहावे. येथील काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अशा भरावावर खडीखाली योग्य प्रतीच्या मुरमाचा किंवा दाणेदार साहित्याचा थर आणि पाण्याचा निचरा नसेल, तर पावसाळ्यात प्रत्येक चाकासरशी चिखल खडीत वर चढतो आणि त्याची सुरुवात सांध्याखालूनच होते, कारण आघात तेथे सर्वाधिक असतो.

भाराच्या बाजूनेही विचार करता येतो, आणि त्याचे उत्तम उदाहरण याच जिल्ह्यातले आहे. १८९७ मध्ये सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वे या अरुंद मार्गासाठी अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी सर्व वाहनांचा भार प्रत्येक आसावर ५ टनांच्या मर्यादेत बसेल असा आराखडा केला. त्यामुळे हलका रूळही पुरेसा ठरला.

सांधा : चारपट, दुप्पट, एकपट

फिशप्लेट म्हणजे दोन रुळांची टोके दोन्ही बाजूंनी बोल्टने जोडणारी पोलादी पट्टी. तिची कल्पना विल्यम ब्रिजेस अ‍ॅडम्स यांनी १८४७ मध्ये पेटंट केली. तिचे काम नेमके कोणते, हे वर सांगितलेल्या सूत्रातूनच कळते. सलग रुळावर चाक उभे असताना तो जितका दबतो, त्याला एकपट म्हणू. आता रूळ मधोमध कापला आणि दोन तुकड्यांत काहीही जोड ठेवला नाही, तर चाक एका टोकावर आले असता ते टोक चारपट दबते आणि समोरचे टोक जागचे हलत नाही. चाकाला तेथे जी पायरी लागते ती ही. दोन्ही टोके बिजागरीने जोडली, म्हणजे उभा भार पलीकडे पोहोचतो पण वाक पोहोचत नाही अशी व्यवस्था केली, तर दबणे दुपटीवर येते आणि पायरी नाहीशी होते. वाकही पलीकडे पोहोचला, तरच आपण पुन्हा एकपटीवर येतो.

प्रत्यक्षातील फिशप्लेटचा सांधा दुप्पट आणि एकपट यांच्या मध्ये कोठेतरी असतो. फिशप्लेटला माथ्याखालच्या आणि तळावरच्या जागेतच मावायचे असल्याने तिची उंची रुळापेक्षा कमी राहते, आणि दोन प्लेटा मिळूनही रुळाइतका ताठपणा देऊ शकत नाहीत. ही मर्यादा आराखड्याने पूर्णपणे दूर होत नाही. ती जितकी कमी करता येईल तितकी करायची असते. त्यासाठी पुढील बाबींकडे लक्ष द्यावे.

फिशप्लेट रुळाच्या वेबला चिकटता कामा नये. तिने माथ्याखालच्या आणि तळावरच्या उतरत्या पृष्ठांवर पाचरीसारखे बसावे, म्हणजे बोल्ट आवळताच ती दोन्ही पृष्ठांवर घट्ट दाबली जाते. ही पृष्ठे झिजली की पाचर सैल पडते आणि सांधा बिजागरीकडे झुकतो. झीज मधल्या भागात सर्वाधिक होते, म्हणून नवी सपाट प्लेट जुन्या रुळावर घातली तरी ती नेमकी जेथे हवी तेथेच टेकत नाही. आराखडा करताना झिजलेल्या रुळासाठी भरणीच्या पातळ पट्टीची तरतूद ठेवावी.

बोल्टांची छिद्रे हा दुसरा नाजूक भाग आहे. ती उदासीन अक्षाजवळ, म्हणजे वाकताना जेथे ना ओढ ना दाब अशा मधल्या रेषेजवळ, असल्याने वाकण्याचा ताण तेथे कमी असतो, पण कर्तन ताण, म्हणजे थर एकमेकांवरून सरकवू पाहणारा ताण, सर्वाधिक असतो. म्हणून छिद्राच्या कडेपासून सुमारे ४५ अंशांत तिरप्या चिरा निघतात. छिद्र ड्रिलनेच पाडावे, गॅसच्या ज्योतीने कधीही पाडू नये, आणि दोन्ही कडांची धार चॅम्फर करून (तिरकी घासून) मोडावी. या साध्या कृतीने चिरा निघण्याचा धोका बराच कमी होतो, आणि माझ्या मते खर्चाच्या मानाने एवढा लाभ देणारी दुसरी सुधारणा सांध्यात नाही. छिद्र बोल्टापेक्षा मोठे ठेवावे लागते, अन्यथा रुळाला प्रसरणासाठी सरकता येणार नाही. बोल्ट अतिरेकी आवळले किंवा गंज चढला, तरी सरकणे थांबते. फट असूनही ती उपयोगी पडत नाही आणि उन्हाळ्यात रूळ बाजूला फुगण्याचा धोका निर्माण होतो. यासाठी सांधे वर्षातून एकदा, थंडीच्या महिन्यांत उघडून, तपासून, ग्रॅफाइटचे वंगण लावून पुन्हा बसवले जातात. जो आराखडा ही उघडझाप अवघड करतो, तो कितीही कल्पक असला तरी नाकारावा.

सांध्याजवळच्या स्लीपरांमधील अंतर इतर ठिकाणांपेक्षा कमी ठेवावे. सांधा थेट एकाच स्लीपरवर टेकवला, तर त्या स्लीपरवर मारा केंद्रित होतो. दोन स्लीपरांच्या मध्ये ठेवला, तर तो दोघांत वाटला जातो.

तिरक्या फटीविषयी थोडे. साध्या तिरक्या छेदात दोन्ही रुळांची टोके निमुळती होतात, आणि चाक त्या बारीक टोकावर आले की ते आधाराविना पुढे आलेल्या पट्टीसारखे वाकते, चेपते आणि अखेर तुटते. लांब सलग रुळांच्या टोकाशी प्रसरणासाठी बसवल्या जाणाऱ्या स्विच एक्स्पान्शन जॉइंट या प्रकारात हीच कल्पना यशस्वी झाली आहे, पण तेथे निमुळता रूळ दुसऱ्या रुळाला लांबवर बिलगून असतो आणि दोघांना विशेष स्लीपरांवरील खुर्च्यांचा आधार मिळतो. केवळ तिरका छेद उचलून हा आधार सोडून देणे म्हणजे अर्धीच कल्पना उचलणे होय.

सांधाच काढून टाकायचा झाल्यास

मुख्य मार्गांवर रूळ वेल्ड करून लांबच लांब सलग केले जातात. कारखान्यात फ्लॅश बट पद्धतीने (टोके विजेने तापवून एकमेकांवर दाबून) २६० मीटरचे पॅनेल तयार होतात, आणि जागेवर ते बहुधा थर्मिट पद्धतीने (रासायनिक क्रियेतून वितळलेले पोलाद ओतून) जोडले जातात. मग प्रसरणाचे काय होते? ते दाबून ठेवले जाते. ६० किलोच्या रुळात दर अंशाला सुमारे १.९ टन बल साठते. तणावमुक्त तापमान, म्हणजे ज्या तापमानाला रुळात ना दाब ना ओढ असते ते, सरासरीच्या थोडे वर, म्हणजे आपल्या उदाहरणात ४२ अंश ठेवले, तर ६५ अंशांना प्रत्येक रुळात सुमारे ४४ टनांचा दाब आणि १० अंशांना सुमारे ६१ टनांची ओढ निर्माण होते. सरासरीच्या वर जाण्याचे कारण असे की, थंडीत तुटलेल्या रुळापेक्षा उन्हाळ्यात फुगलेला मार्ग अधिक घातक असतो.

या रुळाची फक्त टोके हलतात. स्लीपर आणि खडी मिळून एका रुळाला दर मीटरमागे १ टन विरोध करतात असे धरले, तर ६१ टन ओढ रोखायला टोकाकडचे ६१ मीटर पुरतात. त्यापलीकडचा रूळ, तो कितीही किलोमीटर असो, सरकत नाही. आणि टोक स्वतः सुमारे ११ मिलिमीटर सरकते. मात्र छेदाचे क्षेत्रफळ वाढले की हे बलही त्याच प्रमाणात वाढते, म्हणून जड रुळासोबत स्लीपरच्या टोकांबाहेरच्या खडीचा खांदाही भरभक्कम लागतो.

वेल्डिंगनेही सगळे सांधे संपत नाहीत. यार्डांत आणि काट्यांजवळ ते राहतात, आणि सिग्नलच्या ट्रॅक सर्किटसाठी, म्हणजे रुळांतून वीज खेळवून गाडीची उपस्थिती ओळखणाऱ्या व्यवस्थेसाठी, विद्युतरोधक सांधा लागतोच. तो आता चिकट रसायनाने पक्का जोडलेला असतो. सुधारणेला वाव शोधायचा असेल, तर साध्या फिशप्लेटपेक्षा या सांध्यात तो अधिक आहे, कारण त्याला ताठपणा, ओढ आणि विद्युतरोध या तिन्ही अटी एकाच वेळी पाळाव्या लागतात.

प्रयोगशाळेत पडताळणी

मोजमापासाठी रुळांवर जाऊ नये. विनापरवानगी रेल्वेच्या हद्दीत शिरणे हा रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. प्रत्यक्ष सांधा पाहायचा असेल, तर महाविद्यालयामार्फत विभागीय कार्यालयाकडे रीतसर अर्ज करावा.

चारपट, दुप्पट, एकपट हा नियम मात्र टेबलावर तपासता येतो. २५ मिलिमीटर रुंद, ३ मिलिमीटर जाड आणि सुमारे १ मीटर लांब अशी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी घ्यावी. गादीवाल्याकडून सुमारे ५० मिलिमीटर जाडीचा फोम आणून त्याचे सारखे तुकडे करावेत आणि ते सारख्या अंतराने पट्टीखाली मांडावेत. सलग फोमपेक्षा सुटे तुकडे चांगले, कारण सूत्रात प्रत्येक बिंदूचा आधार शेजाऱ्यापासून स्वतंत्र धरलेला असतो. मध्यभागी १ किलो वजन ठेवून डायल गेजने (सूक्ष्म हालचाल काट्याने दाखवणाऱ्या मापकाने) दबणे मोजावे. गेजची स्प्रिंगही पट्टीला किंचित दाबते, म्हणून तो जागेवर लावल्यानंतरच शून्य करावा. मग पट्टी मधोमध कापून टोकावर वजन ठेवावे, नंतर तुकडे बिजागरीने जोडावेत, आणि शेवटी वरखाली पातळ पट्ट्या बोल्टने आवळून तेच वाचन घ्यावे. गुणोत्तरे अगदी चोख येणार नाहीत, पण क्रम स्पष्ट दिसेल. त्यानंतर एकेक बोल्ट सैल करत जावे आणि वाचन दुपटीकडे कसे सरकते ते आलेखावर मांडावे. स्वतःचा सुधारित सांधा याच आलेखावर, त्याच वजनाखाली आणि त्याच फोमवर तपासावा.

आराखडा रेल्वेपुढे ठेवायचा असल्यास तो लखनौच्या आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन व मानक संस्थेच्या मानकांशी ताडून पाहावा, कारण मार्गावरील सुट्या भागांची रेखाचित्रे तेथे ठरतात. आपल्या रेखाचित्रावर रुळाचा छेद, तो नवा की झिजलेला, छिद्रांचे व्यास, बोल्ट आवळण्याचे बल आणि प्रत्येक फटीशेजारी रुळाचे तापमान, इतक्या नोंदी तरी असाव्यात.