अपघात भरपाईत तडजोड: आधी कोणता कायदा तपासाल?

सुरुवात मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 149 पासून करा, तीही 2019 च्या दुरुस्तीनंतरचा मजकूर घेऊन. जुनी पुस्तके इथे हमखास फसवतात, कारण दुरुस्तीआधी याच क्रमांकाखाली वेगळाच विषय होता. नव्या कलमानुसार अपघाताची माहिती मिळाल्यावर विमा कंपनीने अधिकारी नेमायचा आणि त्याला 30 दिवसांत दावा न्यायाधिकरणापुढे तडजोडीचा प्रस्ताव देता येतो. तो नाकारला तरी दावा बुडत नाही. गुणवत्तेवर, म्हणजे दावा खरा किती हे तपासून, सुनावणी होते.

मग मुदत पाहा. कलम 166(3) मध्ये अपघातापासून 6 महिने आहेत. कंपनीशी बोलणी सुरू आहेत म्हणून अर्ज लांबवू नका.

तडजोड मध्यस्थतेतून, म्हणजे तटस्थ तिसऱ्या व्यक्तीच्या मदतीने, करायची असेल तर मध्यस्थता कायदा, 2023 वाचताना राजपत्रातील अधिसूचना शेजारी ठेवा. 9 ऑक्टोबर 2023 ला त्यातली फक्त काही कलमे लागू झाली होती, त्यामुळे प्रत्येक कलमाची तारीख स्वतंत्र तपासावी लागते. कंटाळवाणे आहे, पण टाळू नका.

लोकअदालत म्हणजे मध्यस्थता नव्हे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 21 प्रमाणे तिथल्या निवाड्यावर अपील नाही. सर्वाधिक नुकसान इथेच होते: कायम अपंगत्वाचा दाखला हाती येण्याआधी सही केली जाते आणि पायातला रॉड काढायचा पुढचा खर्च आकड्यात धरलेलाच नसतो. म्हणून तडजोडीच्या मसुद्यात उपचाराचा झालेला खर्च, पुढचा खर्च, बुडालेली कमाई, व्याज आणि रक्कम देण्याची तारीख वेगवेगळी लिहून घ्या.