दिवाळीनंतरची परसबाग

देशावर, विशेषतः पुणे-नाशिक पट्ट्यात, नोव्हेंबरमध्ये दुपारचे ऊन टिकून असते, पण पहाटेचा पारा झपाट्याने उतरू लागतो. कुंडीचा वरचा थर त्यामुळे कोरडा दिसतो आणि आत ओल तशीच राहते. हे न पाहता केवळ सवयीने रोज पाणी घालत राहिल्यास मुळे कुजतात. बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे आणि आतही कोरडे लागले तरच सकाळी पाणी द्यावे. संध्याकाळी पाणी दिल्यास भिजलेली पाने रात्रभर ओली राहतात आणि करप्यासारख्या रोगांना आमंत्रण मिळते.

खरे काम मात्र मातीचे आहे. चार महिन्यांच्या पावसाने ती दबून घट्ट झालेली असते, वर हिरवट शेवाळ धरलेले असते आणि वरून घातलेले पाणी मुळांपर्यंत न मुरता कुंडीच्या कडेने निसटून जाते. वाफसा आल्यावर, म्हणजे मूठभर माती दाबली असता तिचा गोळा वळेल पण बोटाने टोकरताच तो फुटेल अशा वेळी, खुरप्याने वरची दीड-दोन इंच माती मोकळी करावी. त्याहून खोल गेल्यास तंतुमुळे तुटतात. बारा इंची कुंडीस दोन मुठी पूर्ण कुजलेले शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड मिसळावी. ताजे शेण घालू नये, कारण त्याने हुमणी, म्हणजे मुळे खाणारी अळी, वाढते. त्यावर वाळक्या पाचोळ्याचे आच्छादन करावे. (हाच पाचोळा लोक कोपऱ्यात जाळतात, याचे नवल वाटते.)

गुलाबाची ऑक्टोबरातली छाटणी राहिली असल्यास ती आता लांबवू नये. वाळक्या व काटकुळ्या फांद्या काढून टाकाव्यात आणि उरलेल्या फांद्या बाहेरच्या बाजूस तोंड असलेल्या डोळ्याच्या, म्हणजे जिथून कोंब फुटतो त्या जागेच्या, साधारण पाव इंच वर तिरप्या कापाव्यात, म्हणजे नवे फुटवे झाडाच्या मध्यभागी गर्दी करत नाहीत.

मेथी, पालक, मुळा यांना हा हंगाम मानवतो. कोथिंबिरीसाठी धने हलके रगडून दोन डाळी वेगळ्या कराव्यात, रात्रभर भिजवून पेरावेत आणि उगवण आठ-दहा दिवसांनी दिसते हे जाणून धीर धरावा.

तुळशीच्या मंजिऱ्या वाळू देण्याआधीच खुडाव्यात, एरवी झाड बी धरण्यात शक्ती घालवते आणि पाने विरळ होतात. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण दिसताच ते ओल्या कापसाने पुसावेत आणि लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचे तेल व थोडा पातळ साबण मिसळून ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूने फवारावे. मोगऱ्याचे पाणी मात्र डिसेंबरपासून कमी करत जावे. त्याला विश्रांती मिळाल्यावर थंडी ओसरताना छाटणी करून खत द्यावे आणि मगच नेहमीचे पाणी सुरू करावे.