आरव्हीच्या (राहण्याची सोय असलेल्या गाडीच्या) टॉयलेटमध्ये पाणी टिकत नसेल तर

लक्षण: फ्लशचं पेडल सोडल्यावर भांड्यात उरलेलं पाणी हळूहळू ब्लॅक टँकमध्ये (मैल्याच्या टाकीत) उतरायचं आणि मागोमाग दुर्गंध. फरशी कोरडी. (फरशीवर पाणी येत असेल तर फ्लँजचं (टॉयलेट फरशीला जोडणाऱ्या कड्याचं) सील किंवा वॉटर व्हॉल्व्ह बघा, तो वेगळा दोष.)

टँकमध्ये जास्तीचं केमिकल ओतून झालं, व्हॅसलीनही लावून झालं. नुसता वैताग! व्हॅसलीन नकोच, पेट्रोलियममुळे रबर फुगतं.

जमलं ते असं. पाण्याचा पंप बंद. बाहेरून होज जोडला असेल तर तो नळही बंद. पेडल दाबून भांड्याच्या तळाची झडप उघडीच ठेवायची, हातमोजे घालून तिच्या भोवतीच्या रबरी सीलच्या कडेखाली बोट फिरवायचं. तिथे कागदाचा लगदा आणि क्षाराचा खरखरीत पांढरा थर हाताला लागतो. झडप घट्ट न बसण्याचं कारण बहुतेक वेळा हेच. कोमट व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं अर्धा तास खाचेत दाबून ठेवा, मग जुन्या टूथब्रशने पूर्ण गोल घासा. झडपेची कडही घासा. स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका, ओरखड्यातून पुन्हा गळेल. कोरडं पुसून सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या आणि पेडल काही वेळा चालवा.

भांड्यात पाणी भरून पातळीवर पेन्सिलची खूण करा, सकाळी बघा. तरीही उतरलं तर रबर कडक झालंय किंवा चिरलंय. टॉयलेटचा मॉडेल नंबर बघूनच नवं सील मागवा.